मृगाचा किडा हा ‘किडा’ नसेल, तर मग तो कोण?

सड्यावरची (१० जून, रात्री ९.४०)

यंदा मृग लागला आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या घरामागच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळपठारावर, मखमली लाल किडे दिसू लागले. राजापूरजवळच्या आमच्या गावात त्यांना मृगाचे किडे एवढेच नाव आहे आणि ते दिसले की भाताच्या पेरणीचे बोलणे सुरू होते. सुट्टीसाठी आलेली माझी नात यंदा पाचवीत जाईल. तिने त्यातला एक बशीत ओल्या मातीवर ठेवला आणि भिंग घेऊन त्याचे पाय मोजायला बसली. बोट लागले की तो सगळे पाय अंगाखाली ओढून घेई आणि गुंजेसारखा गप्प पडून राही, त्यामुळे मोजणी दोनदा फसली. तिसऱ्या वेळी आठ पाय निघाले. तिच्या पुस्तकात कीटकाला सहा पाय असतात, तेव्हा तिने लगेच निकाल दिला, “आजी, हा किडा नाहीच.”

मी म्हटले, मग कोळी असेल. त्यावर ती म्हणाली की कोळ्याला कंबर असते, पुढचा भाग आणि पोट वेगळे दिसतात, आणि हा तर एकसंध गोळा आहे. मी निरुत्तर झाले. सत्तावीस वर्षे शाळेत मराठी शिकवले, पण हे कधी कोणी विचारले नव्हते. तेव्हा जाणकारांना दोन प्रश्न. हा प्राणी नेमका कोण? आणि कोळी, विंचू, गोचीड यांना एकाच कुळात बसवायला आठ पाय एवढा पुरावा पुरेसा आहे का?

पोफळीची_सावली (१० जून, रात्री १०.२५)

आपल्या नातीचे निरीक्षण अचूक आहे. मृगाचा किडा हा माईट आहे, म्हणजे गोचिडीच्या आसपासचा प्राणी. संधिपाद प्राण्यांच्या मोठ्या संघात कीटकांचा एक वर्ग आहे आणि अष्टपादांचा दुसरा. कोळी, विंचू, गोचीड, माईट हे सगळे अष्टपाद वर्गातले. कीटकाच्या शरीराचे डोके, वक्ष आणि पोट असे तीन भाग असतात. अष्टपादांत डोके आणि वक्ष एकत्र होऊन शिरोवक्ष बनते आणि मागे पोट, असे दोनच भाग उरतात. कोळ्यात या दोहोंमध्ये बारीक कंबर असते, विंचवात ती नसते, आणि माईटमध्ये तर दोन्ही भाग इतके मिसळून जातात की सांधाच दिसत नाही. नातीने ‘एकसंध गोळा’ म्हटले ते याचमुळे.

प्रौढ मृगाचा किडा निरुपद्रवी आहे. तो वर्षाचा बहुतेक काळ जमिनीत घालवतो, पहिल्या पावसाने माती भिजली की जोडीदार शोधायला आणि खायला वर येतो, आणि वाळवी व कीटकांची अंडी यांवर जगतो. बशीतला पाहुणा कृपया सड्यावर परत सोडावा. देशाच्या मध्य भागात औषधी तेलासाठी हे किडे गोळा करून विकतात आणि बिचाऱ्यांना वर्षातून मोजके दिवसच बाहेरची हवा मिळते.

मुंबईचा_चाकरमानी (१० जून, रात्री १०.३१)

पहिल्या पावसाला गावी उगवायचे, चार दिवस मिरवायचे आणि पुन्हा वर्षभर बिळात जायचे. हा प्राणी आमच्याच वर्गातला आहे, पाय कितीही असोत.

खाडीपलीकडे (११ जून, सकाळी ७.१०)

आठ पायांचाच हिशेब लावायचा असेल तर आमच्या कुर्लीचे, म्हणजे खेकड्याचे, काय करायचे? तिलाही चालायचे आठ पाय आणि पुढे दोन डेंगे. विंचवालाही आठ पाय आणि पुढे दोन डेंगेच. दोघे दगडाखाली राहतात आणि दोघे पावसात घरात शिरतात. काल रात्री पडवीत काहीतरी सरपटले, बॅटरीच्या उजेडात आधी विंचू वाटला आणि निघाली कुर्ली. मला तर हे मावसभाऊ वाटतात.

पोफळीची_सावली (११ जून, सकाळी ८.०५)

खाडीपलीकडे यांचा प्रश्न वाटतो तितका गमतीचा नाही. कुर्लीचे डेंगे म्हणजे तिच्या दहा पायांतली पहिली जोडी आहे, म्हणून ती दशपाद. विंचवाचे चिमटे हे पाय नव्हेतच. अष्टपादांच्या शिरोवक्षावर अवयवांच्या सहा जोड्या असतात. पहिली जोडी तोंडापुढच्या नख्यांची, दुसरी स्पर्शपादांची आणि पुढच्या चार पायांच्या. विंचवात ही दुसरी जोडी वाढून चिमटा झाली आहे. कोळ्यात तीच जोडी आखूड पायासारखी तोंडाजवळ हलत असते आणि नराच्या त्या जोडीच्या टोकाला मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यासारखा फुगवटा असतो. नर आपले वीर्य त्यात भरून घेतो आणि मादीपर्यंत पोचवतो. कोळी नर की मादी हे ओळखायची ही सोपी खूण.

शिवाय कुर्लीचे डोळे आणि तोंड यांच्यामध्ये नीट पाहावे. तिथे दोन जोड्या लहान मिशा थरथरत असतात, त्यांना शृंगिका म्हणतात. कीटकाला एक जोडी, कुर्ली आणि कोलंबीला दोन जोड्या, अष्टपादांना एकही नाही. म्हणून नातीला सांगावे की पाय मोजल्यानंतर मिशा शोधायच्या.

चिरेबंदी (११ जून, दुपारी २.५०)

माझे निम्मे आयुष्य चिऱ्याच्या खाणीत गेले, त्यामुळे विंचवाबद्दल दोन शब्द लिहायचा मला अधिकार आहे असे समजतो. आपल्याकडे मुख्यतः दोन तऱ्हा दिसतात. एक काळी-हिरवट, हातभर नसली तरी वीतभर वाटणारी इंगळी. तिचे चिमटे दांडगे असतात आणि नांगी त्या मानाने बारीक. दुसरा तांबूस विंचू, आकाराने लहान, चिमटे चिमुकले आणि नांगी जाड. नवे गडी इंगळीला घाबरतात आणि तांबड्याला चपलेने सरकवतात, आणि तिथेच चूक होते. ज्याचा भर चिमट्यांवर आहे त्याला विषावर फार विसंबावे लागत नाही, ज्याचे चिमटे नाजूक त्याचे सगळे बळ नांगीत. हा नियम जगातल्या प्रत्येक विंचवाला लागू पडत नाही, पण आमच्या खाणीपुरता त्याने कधी दगा दिलेला नाही.

एकदा रचून ठेवलेल्या चिऱ्यांमागे इंगळी सापडली आणि तिच्या पाठीवर पांढुरक्या पिल्लांचा थर होता, जणू भिजलेले तांदूळ पसरले आहेत. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असे आपण भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाबद्दल म्हणतो, पण ते बिऱ्हाड मी त्या दिवशी प्रथम पाहिले. आमच्याकडे जुनी माणसे सांगत की पिल्ले आईचे पोट फाडून बाहेर येतात आणि तिला खातात. हे साफ खोटे आहे. विंचवी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देते आणि पहिली कात टाकेपर्यंत त्यांना पाठीवर वागवते. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली विंचू हिरवट-निळा चमकतो हे अनेकांना ठाऊक असेल. त्या रात्री मी दिवा नेऊन पाहिला, तर आई झगझगत होती आणि पिल्ले जवळजवळ विझलेली. पहिली कात टाकण्याआधी त्यांच्या त्वचेत ती चमक आलेली नसते.

डॉ_पाणंद (११ जून, रात्री ११.१५)

चिरेबंदी यांनी सांगितलेला तांबडा विंचू म्हणजे हॉटेन्टोटा टॅम्युलस. जुन्या वैद्यकीय लेखांत तोच मेसोब्युथस या नावाने येतो, त्यामुळे दोन वेगळे विंचू समजू नयेत. गोंधळ फक्त नावाचा आहे, विष तेच. ते मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या मार्गिकांवर काम करते आणि शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोट उठतो. दंशाच्या जागी मरणाची कळ, मग उलटी, दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार, आणि पुढे हृदय थकून फुप्फुसात पाणी. कोकणात पूर्वी अशी मुले रात्रीत जात आणि घरचे म्हणत, विष चढले.

हे चित्र पालटले ते महाडमध्ये. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले आणि असे रुग्ण रात्र-रात्र शेजारी बसून पाहत राहिले. त्यांचे निरीक्षण १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे, स्वस्त औषध या दंशावर वापरले, कारण ते नेमके त्या ॲड्रेनलिनच्या लोटाला अडवते. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास दगावत, ते प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आले. २०११ मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमिला बावस्कर यांनी प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिलस दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो हे दाखवले, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

यातून धाग्याच्या विषयाला लागून एक गोष्ट निघते. सापाची लस विंचवावर चालत नाही, आणि इंगळीच्या दंशाला तांबड्याचे उपचार बहुधा लागत नाहीत. विंचू मारलाच असेल तर तो फेकू नये, डबीत घालून दवाखान्यात आणावा. मात्र तो शोधण्यात वेळ घालवू नये. मंत्र घालणाऱ्याकडे तर मुळीच नाही.

शब्दवेडा (१२ जून, सकाळी १०.००)

डॉक्टरसाहेबांनी ‘दंश’ म्हटले हे बरे झाले. आपण सर्रास ‘विंचू चावला’ म्हणतो, वास्तविक तो चावत नाही, नांगी मारतो. गोचीड चावते. कोळी चावतो. मधमाशीही डंखच मारते, पण बोलताना तीही चावतेच. भाषेला अवयवाशी देणेघेणे नाही, वेदनेशी आहे.

किडा या शब्दावरून नातीने आजीला पकडले खरे, पण आजीची बाजू अगदीच लंगडी नाही. स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली प्राण्यांची जी सुप्रसिद्ध मांडणी केली, तीत कोळी, विंचू, गोचीड, घोण, ऊ, पिसू आणि चक्क खेकडेसुद्धा ‘बिनपंखी कीटक’ या एकाच पोत्यात भरले होते. खाडीपलीकडे यांचा मावसभाऊ तिथूनच आलेला दिसतो. अष्टपादांना कीटकांपासून वेगळा वर्ग म्हणून काढले ते फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने, १८०० च्या सुमारास. म्हणजे ज्याला सर्वांत मोठा वर्गीकरणकार मानतात त्याच्या दृष्टीनेही मृगाचा किडा हा किडाच होता. गंमत अशी की प्राण्यांची शास्त्रीय नावे लिनियसच्या त्या ग्रंथापासून ग्राह्य धरतात, पण कोळ्यांना त्यात सवलत आहे. स्वीडनच्याच कार्ल क्लर्कने १७५७ साली कोळ्यांना दिलेली नावे लिनियसच्या आधी मान्य होतात.

संस्कृतात कोळ्याला ऊर्णनाभ म्हणतात, ज्याच्या बेंबीतून लोकर निघते तो. रेशीम पोटाच्या टोकाकडून निघते, बेंबीतून नव्हे, पण निरीक्षण कोणीतरी जवळून केले होते हे नक्की.

बंदरकर (१२ जून, दुपारी १२.४०)

शब्दांचाच विषय निघाला म्हणून. काही वर्षांपूर्वी आमच्या कोळीवाड्याच्या तोंडाशी कृषी खात्याचा फलक लागला होता, ‘नारळावरील कोळ्याचे नियंत्रण’. आमचे आजोबा चष्मा लावून दोनदा वाचून आले आणि म्हणाले, “आम्ही समुद्रात जातो बाबा, माडावर कधी चढलो?”

माडबागायत (१२ जून, रात्री ८.२०)

बंदरकरांच्या आजोबांना नमस्कार. तो फलक ज्याच्याविषयी होता त्याने आमच्या बागेचे तीन हंगाम खाल्ले, म्हणून सविस्तर लिहितो, आणि लिहिता लिहिता पाय मोजण्याच्या पद्धतीला माझा विरोधही नोंदवतो.

नारळावरचा कोळी म्हणजे इरिओफाईड माईट, शास्त्रीय नाव ॲसेरिया ग्वेरेरोनिस. मेक्सिकोतल्या ग्वेरेरो राज्यातल्या नमुन्यांवरून १९६५ साली त्याचे वर्णन झाले आणि भारतात तो १९९८ मध्ये केरळात एर्नाकुळमकडे प्रथम नोंदला गेला. तिथून तो किनाऱ्याने वर सरकत आपल्या बागांत पोचला. लांबी मिलिमीटरचा पाचवा हिस्साही जेमतेम, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही, त्याने केलेली खरूज दिसते. कोवळ्या नारळाची टोपी उचलली की खाली पांढऱ्या सालीवर फिकट त्रिकोणी डाग असतो. नारळ वाढतो तसा तो डाग टोपीबाहेर येतो, तपकिरी होतो, तडकतो, त्यातून डिंक गळतो, आणि शेवटी हातात येतो तो मुठीएवढा, सोडण सुटता न सुटणारा नारळ.

आता मुद्दा. भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रात मला सूक्ष्मदर्शकाखाली तो दाखवला. गाजरासारखे लांबोळे, पांढुरके अंग आणि पाय फक्त चार, तेही सगळे तोंडाजवळ. जन्मभर चारच. तरी तो अष्टपाद वर्गातलाच आहे, कारण त्याच्या वंशाने मागच्या दोन जोड्या कधीतरी गमावल्या. म्हणजे आठ पाय ही कुळाची ओळख झाली, अट नव्हे. पडनाव लावले नाही म्हणून कोणी घराण्यातून बाहेर पडत नाही.

सडेतोड (१३ जून, सकाळी ६.५५)

चर्चा विद्वत्तापूर्ण आहे, परंतु मला तिचा उपयोग कळलेला नाही. पाचवीतल्या मुलीला किडा म्हणजे किडा एवढे पुरे. सहा पाय, आठ पाय, चार पाय, याने बागायतदाराच्या पदरात काय पडते? किडीवर फवारणी करायची, ती कोणत्या वर्गातली आहे हे विचारत बसायचे नाही.

काजूबोंड (१३ जून, सकाळी ९.३०)

सडेतोड, मी तुमच्याच मताचा होतो, म्हणून सांगतो. दोन वर्षांपूर्वी परसातल्या वांग्याची पाने मागून जाळीदार होऊन पिवळी पडायला लागली. दुकानात पान दाखवले, त्यांनी कीटकनाशकाची बाटली दिली, मी फवारले. दहा दिवसांत दुप्पट झाले. पुन्हा फवारले, तेव्हा झाडेच जाळ्यात गुंडाळल्यासारखी झाली. शेवटी कृषी विद्यापीठातल्या ओळखीच्या माणसाने पान उलटे करून भिंगाखाली धरले. त्यावर लाल ठिपके चालत होते, लाल कोळी, म्हणजे माईट. मी मारले होते पायरेथ्रॉइड, ते कीटकांवर उत्तम, या माईटवर फारसे नाही. पण त्या माईटला खाणारे भक्षक माईट आणि लहान भुंगेरे मात्र त्याने साफ केले. म्हणजे मी चोर सोडून राखणदारच मारला होता. त्या माणसाने पाण्यात मिसळणारे गंधक सांगितले, ऐन उन्हात मारू नका असेही सांगितले, आणि रोग आटोक्यात आला.

आपण दोन्हींना ‘कीड’ म्हणतो आणि दुकानदारही म्हणतो. बाटलीच्या आतल्या औषधाला मात्र फरक कळतो.

सडेतोड (१३ जून, सकाळी ९.५८)

हे कोणी आधी सांगितले असते तर माझे दोन हजार रुपये वाचले असते. माझीही वांगीच होती. शब्द मागे घेतो.

डॉ_पाणंद (१३ जून, दुपारी ३.१०)

माडबागायत यांच्या ‘ओळख, अट नव्हे’ या वाक्याला माझ्याकडून दोन पुरवण्या.

गोचीड आणि बहुतेक माईट अंड्यातून बाहेर पडतात तेव्हा त्यांना सहाच पाय असतात. चौथी जोडी पहिल्या कातीनंतर येते. स्क्रब टायफस हा ताप ज्यामुळे होतो ते ओरिएन्शिया नावाचे जिवाणू माणसात सोडतात ती ट्रॉम्बिक्युलिड माईटची ही सहा पायांचीच पिल्ले. त्यांच्यातली प्रौढ माईट माणसाला चावत नाहीत. पावसाळ्यानंतर गवत कापणाऱ्या माणसाला ताप आला तर मी काखेत, कमरेच्या नाडीखाली, जांघेत काळ्या खपलीचा डाग शोधतो. विडीच्या चटक्यासारखी ती खपली सापडली की अर्धे निदान तिथेच होते.

दुसरी पुरवणी माकडतापाची. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा भागातल्या क्यासनूर जंगलात तो ओळखला गेला आणि २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा भागात त्याचे रुग्ण निघाले. त्याचा विषाणू गोचिडीतून येतो, आणि माणसाला चावते ती बरेचदा खसखशीएवढी अर्धवट वाढीची गोचीड. काजूच्या बागेत पालापाचोळ्यावर बसणारी माणसे हिला गोचीड समजतच नाहीत, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर गाईच्या कानातली टपोरी, रक्ताने फुगलेली असते.

पोफळीची_सावली (१३ जून, रात्री ९.४५)

पायांच्या मोजणीची आणखी एक फसवणूक सांगतो. आमच्या जुन्या विहिरीच्या कठड्यात, जांभ्याच्या सांध्यात, रात्री चाबूक-कोळी दिसतो. अंग चपटे, पसाभर पसरलेला, आणि चालतो सहाच पायांवर. पायांची पहिली जोडी दोऱ्यासारखी लांब होऊन चाबकासारखी हवेत फिरत असते. मिशा नाहीत म्हणून त्याने पायांच्याच मिशा केल्या. त्याला विष नाही आणि तो जाळेही विणत नाही. पश्चिम भारतातल्या त्याच्या एका जातीचे नाव फिप्सोनी, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या फिप्सन यांच्यावरून पडलेले. ते वर्णन ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पोकॉकचे, आणि १९०० साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या अष्टपादांवरचा जाडजूड खंड लिहिणाराही तोच.

निळी_होडी (१४ जून, रात्री १०.२०)

आमच्या न्हाणीघरात पावसाळ्यात जे केसासारख्या पायांचे झुबके भिंतीवर बसतात आणि पाणी उडाले की सगळे एकदम वर-खाली झुलतात, ते कोळीच ना? सासूबाई म्हणतात ते फार विषारी असतात, फक्त त्यांचे दात लहान पडतात.

पोफळीची_सावली (१४ जून, रात्री १०.५५)

झुबक्याने बसत असतील, जाळे नसेल आणि अंग एका मसुराएवढे, कंबर नसलेले असेल तर ते कोळी नव्हेत. त्यांची अष्टपादांत स्वतंत्र शाखा आहे, ओपिलिओनीस. त्यांना विषग्रंथीच नाहीत, त्यामुळे दाताच्या मापाचा प्रश्न उरत नाही. कोपऱ्यात विस्कटलेले जाळे करून उलटा लटकणारा लांब पायांचा असेल तर तो खरा कोळी, पण तोही निरुपद्रवी. सासूबाईंना हे आपण कसे सांगणार ते आपले आपण पाहावे.

आणि कॅलेंडरमागे राहणारा, तळहाताएवढा चपटा, तपकिरी कोळी असेल तर त्याला मारू नये. तो झुरळे खातो. मादी आपली अंड्यांची पांढरी चकती पोटाखाली धरून हिंडते आणि त्या दिवसांत बहुधा काही खात नाही. असा मेलेला कोळी पाय आत वळवून का पडतो हे मी लहानपणी विचारले होते, उत्तर फार उशिरा मिळाले. कोळ्याच्या पायाच्या मुख्य सांध्यांत तो वाकवणारे स्नायू आहेत, पण ताणून सरळ करणारे नाहीत. अंगातल्या निळसर रक्ताचा दाब वाढवून तो पाय सरळ करतो. जीव गेला की दाब गेला आणि पाय मिटले.

शब्दवेडा (१५ जून, सकाळी ११.०५)

मग कुळाची अट काय, हा आजींचा दुसरा प्रश्न अजून लटकलेलाच आहे. वर्गात एवढी तऱ्हेतऱ्हेची मंडळी असतील तर ती एका घरातली आहेत हे कशावरून?

पोफळीची_सावली (१५ जून, रात्री ९.३०)

तोंडावरून. कीटकाला आणि कुर्लीला चावायचे जबडे असतात. अष्टपादांना जबडे नाहीत, त्यांच्या तोंडापुढे नख्यांची ती पहिली जोडी असते. कोळ्यात ती विषदंत झाली, विंचवात लहानशी कात्री, माईटमध्ये अनेकदा सुई. बहुतेक अष्टपाद भक्ष्य चावून गिळत नाहीत, त्यावर पाचक रस ओततात आणि झालेले सार पितात. श्वासासाठी विंचवाला आणि अनेक कोळ्यांना पोटाखाली वहीच्या पानांसारखी पुस्तक-फुप्फुसे असतात. ज्यांना ती नाहीत त्यांना श्वासनलिका असतात, आणि काही माईट तर नुसत्या त्वचेतून भागवतात.

परंतु या घराच्या भिंती नक्की कुठे, यावर जाणकारांचे आजही भांडण आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर नालेच्या आकाराचा, निळ्या रक्ताचा ‘घोडनाल खेकडा’ असतो. आपल्या कोकणात तो नाही. त्याला खेकडा म्हणतात, पण त्याच्याही तोंडापुढे तीच नख्यांची जोडी आहे, म्हणून तो अष्टपादांचा सख्खा शेजारी मानला जाई. २०१९ साली काही संशोधकांनी जनुकांवरून मांडले की तो शेजारी नसून घराच्या आतच आहे. इतरांना ते मान्य नाही. माईट आणि गोचीड यांचेही तसेच, दोघांना एक गट समजत असू, आता त्यांच्या दोन शाखा करतात. मृगाचा किडा आणि माडबागायत यांचा चार पायांचा शत्रू एका शाखेत, आणि गाईची गोचीड दुसऱ्या. चिरेबंदी यांच्या इंगळ्यांचीही २०२० साली वाटणी झाली, एका मोठ्या प्रजातीतून अनेक प्रजाती निघाल्या आणि त्यांपैकी एकाचे नाव सह्याद्रीमेट्रस आहे.

मुंबईचा_चाकरमानी (१५ जून, रात्री ९.४१)

वाटणी म्हटल्यावर कोकणच आठवले. सातबारा कोणाच्या नावावर झाला तेवढे कळवावे.

खाडीपलीकडे (१६ जून, सकाळी ७.२५)

नावांवरून आठवले. ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला २०२१ साली आयशियस तुकारामी असे नाव दिले आहे, २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात कसाबला घट्ट धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्यावरून. ज्ञात कोळ्यांच्या जातींनी २०२२ मध्ये पन्नास हजारांचा आकडा ओलांडला. त्यात एक नाव आपल्या माणसाचे आहे हे मला फार बरे वाटले. आणि हो, पडवीतल्या कुर्लीच्या मिशा पाहिल्या. दोन जोड्या आहेत. मावसभाऊ रद्द.

सड्यावरची (२४ ऑगस्ट, संध्याकाळी ६.१५)

धागा खाली गेला होता, पण तो पुन्हा वर काढण्यासारखे घडले म्हणून लिहिते.

गौरीगणपतीच्या साफसफाईला नात आईवडिलांबरोबर आली आणि आल्या आल्या भिंग घेऊन सड्यावर गेली. आता तिथे मृगाचा एकही किडा नाही, गवत गुडघ्याला लागते. तिने एक नाकतोडा धरून आणला. त्याच्या पंखाच्या मुळाशी तांबूस मण्यासारखे काहीतरी चिकटले होते. मला ते मातीचे वाटले. तिने नाकतोडा ओंजळीत धरला, मी भिंग धरले, आणि मण्याला पाय दिसले. सहा. डॉक्टरसाहेबांनी जूनमध्ये लिहिलेले मी विसरले होते, तिने माझ्याकडून वाचून घेतलेले तिच्या लक्षात होते. तिने मिशा शोधल्या, त्या नव्हत्या. म्हणाली, “सहा पाय आहेत तरी कीटक नाही, हे बाळ आहे.”

पोफळीची_सावली (२४ ऑगस्ट, रात्री ८.००)

मृगाच्या किड्यांच्या कुळातली पिल्ले अशीच नाकतोड्यासारख्या कीटकांना चिकटून त्यांचा रस पितात आणि पोट भरले की गळून मातीत जातात. हे आपल्या बशीतल्याच जातीचे पिल्लू की जवळच्या दुसऱ्या जातीचे, ते भिंगातून ठरणार नाही. बाकी तिचे उत्तर बरोबर आहे. नाकतोडा सोडला ना?

सड्यावरची (२४ ऑगस्ट, रात्री ८.१२)

सोडला. मण्यासकट. आता ती न्हाणीघरातल्या घोणीचे पाय मोजते आहे आणि ते अजून संपलेले नाहीत.